सखी वन स्टॉप सेंटर: वहिनीसोबतचे पाच दिवस आणि नंतरचे आठ महिने

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा होणारे. जिल्ह्याचं नाव, गावाचं नाव, कुणाचंच नाव लिहिणार नाही, कारण केस अजून चालू आहे आणि ज्याच्यावर केस आहे तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे. तक्रार माझ्या वहिनीची, आणि तिला घेऊन गेले मी. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. घरातलं एवढंच, बाकी लिहीत नाही.

लिहायला बसले कारण मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं की ताई ते सखी सेंटर म्हणजे नक्की काय असतं, तिकडे जाऊन काही होतं का नुसतं समजावून परत घरी पाठवतात. मी मोबाइलवर शोधलं तर सगळीकडे योजनेची उद्दिष्टं, लाभार्थी, अनुदान हेच, तिथे जाऊन आलेल्या बाईने लिहिलेलं मला काही सापडलं नाही. मग म्हटलं आपणच लिहावं. थोडक्यात, मार खाल्लेल्या, त्रासातल्या बाईला दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन आणि निवारा एकाच ठिकाणी मिळावा म्हणून काढलेलं सरकारी केंद्र, ते हे.

सेंटरला पोचायच्या आधीची रात्र सांगायलाच लागेल, नाहीतर सेंटरने काय केलं ते कळणार नाही. ऑगस्टमधला रविवार, रात्री साडेनऊला वहिनी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन रिक्षाने माझ्या दारात. डावं मनगट एवढं सुजलं होतं की बांगड्या मांसात रुतल्या होत्या. मी आणि आमचे हे दोघं तिला घेऊन आधी पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदाराने उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला घरगुती आहे, आधी सिव्हिलला दाखवून घ्या, सकाळी या. काहीच लिहून घेतलं नाही. सिव्हिलला गेलो तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर म्हणे ही एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, पोलिसांचं पत्र आणा मग बघतो. परत पोलीस स्टेशन. आता एक महिला कॉन्स्टेबल आल्या होत्या, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहिली, मेडिकलचं पत्र दिलं. परत सिव्हिल, तर डॉक्टरची ड्युटी बदललेली, नवीन डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे चार वेळा. रात्री साडेनऊ ते दीड या वेळात वहिनीने तेच सगळं चार वेळा चार अनोळखी माणसांना सांगितलं, आणि चारही वेळा पोरगी माझ्या मांडीवर होती. मला वाटत होतं झोपलीय. चौथ्यांदा सांगताना वहिनीच्या बोलण्यातून एक गोष्ट राहिली तर पोरगी डोळे न उघडता म्हणाली, मम्मी पट्टा पण सांग.

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि म्हणूनच या रिव्ह्यूत मी जेवण, बेड, पंखा यांना मार्क देत बसणार नाही, माझं मोजमाप एकच आहे, बाईला तेच तेच किती वेळा सांगायला लागलं.

एक्स-रे काढला, कच्चं प्लास्टर घालायच्या आधी बांगड्या काढायला लागणार होत्या. वहिनी म्हणाली फोडू नका. अशा वेळी कोण ऐकतं, पण त्या सिस्टरने ऐकलं हो, साबणाचं पाणी आणलं आणि अर्धा तास बसून एकेक बांगडी सोडवली, एकच वाढवावी लागली. त्याच सिस्टरने हळूच सांगितलं की आता घरी नेऊ नका, तो तुमच्या घरी येईल, 181 ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन लावा, सखी सेंटरला रात्रीही घेतात. तोपर्यंत मला हे नावच माहीत नव्हतं. म्हणजे चार टेबलं फिरलो, त्यातल्या एकानेही सांगितलं नाही. खरं तर घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बाईला तिचे हक्क, संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील मिळतो हे सगळं सांगणं हे पोलिसांचं कामच आहे. आणि आधी कुठे रिपोर्ट केला नाही म्हणून दवाखान्याने उपचार नाकारायचे नाहीत असंही त्याच कायद्याच्या नियमांत आहे. हे मला नंतर कळलं. त्या रात्री कळलं असतं तर दोन चकरा वाचल्या असत्या.

फोन लावला, त्यांनी पत्ता सांगितला, पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. जागा सिव्हिलपासून लांब नाही पण एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूला, बोर्डावर लाइट नाही, आम्ही दोनदा पुढे जाऊन वळून आलो. ही पहिली तक्रार. रात्री येणाऱ्या बाईसाठी जे उघडं ठेवलंय तेच रात्री दिसत नाही.

आत मात्र वेगळंच. ड्युटीवरच्या केसवर्कर ताई, वय असेल तिशीचं, त्यांनी वहिनीकडे बघितलं, प्लास्टर बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "मुलीने जेवलंय का?" मी नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली तर मला थांबवलं, म्हणाल्या आत्ता काही सांगू नका, उद्या सकाळी निवांत बोलू, फक्त एक सांगा, औषधं कुठली दिलीत आणि तो इथे यायची शक्यता आहे का. बस. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही, धुतलेली चादर, दूध बिस्कीट. वहिनी त्या रात्री झोपली. मी नाही झोपले पण ती झोपली.

सकाळी दहाला काउन्सिलर मॅडम आल्या. त्यांनी आधी पोरीला दुसऱ्या खोलीत रंग आणि कागद देऊन बसवलं, तिच्याजवळ मदतनीस मावशी, मग दार लावून वहिनीचं बोलणं सुरू. मलाही बाहेर बसायला सांगितलं. मला जरा राग आला, मीच तर घेऊन आले होते. नंतर समजलं की मी त्याची बहीण आहे, माझ्यासमोर काही गोष्टी ती बोलली नसती, आणि तसंच होतं. दोन तास चाललं. केसवर्करनी सगळं हाताने लिहिलं, मग वहिनीला वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावली, खाली सही. आणि मग त्या म्हणाल्या ताई, आता हे पुन्हा पुन्हा सांगत बसायचं नाही, कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा, कोर्टात मात्र एकदा सांगायला लागेल, त्याची तयारी आपण करून घेऊ. खोटं आश्वासन दिलं नाही हे मला आवडलं.

पुढचे चार दिवस मी जे बघितलं त्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू आहे. त्या एका लिहिलेल्या जबाबावरून चार ठिकाणची कामं झाली. त्यावरून डीआयआर भरला, म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, त्याचा ठरलेला फॉर्म असतो, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि मानसिक, आर्थिक असे वेगवेगळे प्रकार, तारीख, ठिकाण. आर्थिकच्या रकान्यात वहिनी अडली, तिला वाटायचं पगाराचं एटीएम काढून घेणं हा काही हिंसाचार नाही. पीओ मॅडम, म्हणजे संरक्षण अधिकारी, दुसऱ्या दिवशी सेंटरलाच आल्या, आम्हाला त्यांच्या ऑफिसला जायला लागलं नाही. त्यांनी तो अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा आणि त्याची प्रत त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला द्यायची असं कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मॅडम मिळाल्या. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे कृपया सगळ्यांना सांगा, चांगल्या नोकरीतल्या बायकांनाही माहीत नसतं. वकील मॅडम आल्या तेव्हा त्यांनी तो जबाब आधीच वाचलेला होता. येऊन बसल्या आणि थेट म्हणाल्या, "तुम्हाला काय पाहिजे? घरात राहायचंय, वेगळं राहायचंय, खर्च पाहिजे, मुलगी जवळ पाहिजे? ते सांगा." लग्नापासून पहिल्यांदा कोणीतरी वहिनीला तुला काय पाहिजे असं विचारत होतं.

आता फ्रॅक्चरची गोष्ट. पोलिसांनी रात्री लिहिलेली ती एनसी, म्हणजे अदखलपात्र. त्यात पोलीस स्वतःहून काही करत नाहीत, कागद देतात आणि कोर्टात जा म्हणतात. सोमवारी एक्स-रेचा रिपोर्ट आला, मनगटाचं हाड मोडलेलं. तो रिपोर्ट सिव्हिलच्या फाइलमध्ये, एनसी पोलीस स्टेशनच्या रजिस्टरमध्ये, दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांना भेटलेलेच नाहीत. आम्हाला काय कळणार होतं, आम्ही ते तसंच सोडून दिलं असतं. केसवर्करनी सिव्हिलला फोन करून एमएलसीची प्रत मागवली, ती आणि रिपोर्ट घेऊन वहिनीसोबत पोलीस स्टेशनला गेल्या आणि सांगितलं की हाड मोडलंय म्हणजे ही गंभीर दुखापत झाली, ही एनसी राहूच शकत नाही. नवीन भारतीय न्याय संहितेत कलम 117(2), शिवाय नवऱ्याकडून क्रूरता म्हणून कलम 85, म्हणजे जुनं 498अ. त्याच दिवशी संध्याकाळी एफआयआर झाला. तेच पोलीस स्टेशन, तोच अंमलदार. मी वाईट माणूस म्हणून त्याच्याकडे बघत होते पण खरं सांगायचं तर रात्री त्याच्यासमोर एक्स-रे नव्हता आणि डॉक्टरसमोर तक्रार नव्हती, दोघांनी आपापला तुकडा धरून ठेवला होता. तो तुकडा इकडून तिकडे न्यायला माणूस लागतो. सेंटर म्हणजे तो माणूस, बाकी खोल्या आणि बेड नंतर.

मी केसवर्करना विचारलं तुमचा फोन सगळे उचलतात कसे, आमचा तर कोणी घेत नव्हतं. त्या म्हणाल्या पहिल्या वर्षी आमचाही घेत नव्हते. मग त्यांच्या सेंटर प्रमुख मॅडमनी एक मासिक बैठक लावून धरली. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालची समिती असते ती वेगळी, ही साधी, चहाची, एक पोलीस अधिकारी, सिव्हिलचे एक डॉक्टर, पीओ, विधी सेवाचे कुणीतरी आणि या. त्यात अडकलेल्या केसेस घेऊन बसायचं, कुठला कागद कुणाकडे थांबलाय एवढंच बघायचं. सुरुवातीला दोन महिने भांडणंच झाली म्हणे, डॉक्टर म्हणायचे पोलीस बाईला पत्राशिवाय पाठवतात, पोलीस म्हणायचे डॉक्टर रिपोर्ट वेळेत देत नाहीत, प्रत्येकाला दुसऱ्याचं काम सोपं वाटायचं. मग एकदा डॉक्टरांनी सगळ्यांना कॅज्युअल्टीत रात्री बसवलं आणि दुसऱ्यांदा सगळे मिळून पोलीस स्टेशनच्या टेबलाशी बसले, तेव्हापासून बोलणं बदललं. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण त्यावर बाईचं नाव कधीच टाकायचं नाही, फक्त रजिस्टर नंबर, हा नियम त्यांनी स्वतःच केलाय. मी तो ग्रुप बघितला नाही पण वहिनीचा उल्लेख कायम नंबरानेच होताना ऐकलाय.

एक गोंधळ सगळ्यांचा होतो तो सोडवते, आमचाही झाला होता. सखी वन स्टॉप सेंटर ही केंद्राची योजना, 2015 पासून, निर्भया फंडातून पैसा, आता मिशन शक्तीखाली येते, दवाखाना-पोलीस-वकील-समुपदेशन-निवारा सगळं एकत्र, पाच दिवसांपर्यंत राहता येतं. भरोसा सेल पोलिसांचा, नागपूरला 2017 मध्ये सुरू झाला, मग बाकी ठिकाणी. आणि तिसरं म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, हा सगळ्यात जुना, 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केला, त्यात पोलीस स्टेशनच्या आवारात शिकलेली समाजकार्यकर्ती बसते, ती पोलीस नसते. याशिवाय मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत दिलासा केंद्रं आहेत, पहिलं वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये निघालं. बाईला जे दार आधी सापडेल तिथे जावं. एकाच दारातून चारही ठिकाणी पोचता आलं पाहिजे, असं आहे ते.

आता तक्रारी, त्याही मनापासून.

सेंटरला पोलीस अधिकारी नेमलेला असतो असं कागदावर आहे, आमच्याकडे त्या मॅडम आठवड्यातून दोनच दिवस यायच्या, बाकी दिवस बंदोबस्त. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा कॉम्प्युटर आहे, त्यावर फुलाफुलांचं कापड टाकून ठेवलंय, मी होते तोपर्यंत एकदाही उघडलं नाही. तो चालला असता तर वहिनीला पुरवणी जबाबासाठी प्लास्टरचा हात घेऊन पोलीस स्टेशनला दोन तास बसायला लागलं नसतं. आणि तिकडे बसली असताना दादाचा मित्र समोरून गेला, मग त्याच संध्याकाळी आईचा फोन. केसवर्कर कंत्राटी, पगार वेळेवर नाही, आमच्या केसच्या मधेच एक जण सोडून गेली. फाइल नीट होती म्हणून निभावलं, पण वहिनीला नवीन माणसाशी परत सवय करायला महिना गेला. जिच्या भरवशावर चार ऑफिसं जोडलीत तिलाच नोकरीचा भरवसा नाही, हे मला फार लागलं.

आणि सगळ्यात मोठी तक्रार सेंटरबद्दल नाहीच. एफआयआर झाल्यावर पंधरा दिवसांनी पोलिसांच्याच दुसऱ्या एका कक्षातून वहिनीला समेटासाठी बोलावणं आलं, त्यांना डीआयआरचा पत्ताच नव्हता. दादा काकांना घेऊन इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, रडला, हात जोडले. समोरच्या मॅडम वहिनीला म्हणाल्या बघा किती पश्चात्ताप झालाय, मुलीकडे बघा. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात केसवर्करनी शांतपणे फाइल पुढे सरकवली, म्हणाल्या मॅडम प्रकरण कोर्टात आहे, समुपदेशन पाहिजे तर कोर्ट आदेश देईल, आणि हा एक्स-रे बघून घ्या. मॅडमनी एक्स-रे उजेडात धरून बघितला आणि मग काही बोलल्याच नाहीत. त्यांचाही दोष म्हणणार नाही मी, त्यांना अर्धीच गोष्ट माहीत होती. पण त्या दिवशी वहिनी एकटी गेली असती तर दादासोबत घरी परत गेली असती, हे तिनेच मला सांगितलं.

कोर्टाचं म्हणाल तर कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न. आमची पहिली तारीख तीन आठवड्यांनी लागली, आणि आता आठवा महिना चालू आहे. अंतरिम आदेश मात्र मिळाला, दर महिन्याचा खर्च आणि दादाने वहिनीच्या राहत्या जागी आणि पोरीच्या शाळेत यायचं नाही. त्याची प्रत फुकट मिळते, पैसे मागितले तर देऊ नका. एक प्रत पोलीस स्टेशनलाही जाते, तरी आम्ही एक झेरॉक्स शाळेच्या बाईंकडे दिलीय आणि एक वहिनीच्या पर्समध्ये कायम असते. पाच दिवसांनंतर ती दोन महिने माझ्याकडे होती, आता शाळेजवळ एक खोली घेतलीय.

मार्क विचाराल तर माणसांना पाचपैकी पाच, जागेला दोन, कॉम्प्युटरला शून्य.

जाणाऱ्या बाईसाठी एवढंच. 181 ला फोन लावा, जीवाला धोका असेल तर 112. कागद नसले तरी जा, आधार कार्ड घरात राहिलं म्हणून कोणी थांबू नका, वहिनीचं सगळं घरातच राहिलं होतं. दवाखान्यात एमएलसी नंबर लिहून घ्या, एनसी दिली तरी त्याची प्रत घ्या, एक्स-रेची फिल्म सोडू नका. आणि सोबत लहान मूल असेल तर त्याला पहिल्या टेबलापासूनच दुसऱ्या खोलीत न्या, कोणी नेत नसेल तर तुमच्यासोबत आलेल्या माणसाला सांगा. हे मला त्या रात्री सुचलं नाही. पोरगी अजून काउन्सिलर मॅडमकडे दर शनिवारी जाते, रंग घेऊन बसते, परवा तिने शाळेचं चित्र काढलं, फाटकाशी वॉचमन काका काढलेत, हातात कागद. मी विचारलं हा कसला कागद तर म्हणाली पप्पांनी यायचं नाही तो.